भोपळ्याची मसाला कॉफी घरी करताना या चुका टाळा

अमेरिकेत स्टारबक्सने २००३ साली 'पम्पकिन स्पाइस लाटे' विक्रीस आणली, तेव्हा तिच्यात भोपळा नव्हताच. भोपळ्याचा गर तिच्यात आला तो २०१५ मध्ये. पुण्यात ही कॉफी घरी करून पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी निम्म्या चुका टळतील. या पेयाची चव मुख्यतः दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंगेची असते. भोपळा त्याला दाटपणा, रंग आणि किंचित गोडवा देतो. चव येत नाही म्हणून भोपळा वाढवत गेल्यास हाती येते ती कॉफीचा वास असलेली पातळ खीर. एका कपाला दीड मोठा चमचा गर पुरे होतो.

बहुतेकांची कॉफी बिघडते ती पाण्यामुळे. लाल भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि आपण तो कुकरमध्ये आणखी पाणी घालून शिजवतो. असा गर दुधात मिसळला की कॉफी पांचट होते आणि थोड्याच वेळात तिचे वर पाणी, खाली चोथा असे दोन थर होतात. मंडईतून भोपळ्याची फोड घेताना आतला गर गडद केशरी आणि बिया भरलेल्या आहेत, हे पाहून घ्यावे. फिकट, कोवळ्या भोपळ्याला ना रंग असतो ना गोडी. सोललेल्या फोडी कुकरच्या डब्यात पाण्याचा थेंबही न घालता दोन-तीन शिट्ट्यांवर वाफवाव्यात, चाळणीत निथळू द्याव्यात आणि मग पुरणयंत्रातून काढाव्यात. मिक्सरही चालतो, परंतु त्यात भोपळ्याचे दोरे बारीक होतात, नाहीसे होत नाहीत, आणि शेवटच्या घोटाला ते जिभेवर येतात. पुरणयंत्र घरात असताना ते फक्त होळीलाच बाहेर काढायचे, असा काही नियम नाही. यानंतर हा गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, कडा सुटेपर्यंत आटवावा. हलव्याच्या सवयीने त्यात तूप मात्र सोडू नये, कारण ते कॉफीवर तवंग धरते. पाव किलो भोपळ्यात चार-पाच कपांची सोय होते.

दुसरी मोठी चूक म्हणजे तयार कॉफीवर मसाला भुरभुरवणे. दालचिनीची पूड पाण्यात किंवा दुधात विरघळत नाही. ती काही वेळ वर तरंगते, मग तळाशी बुळबुळीत थर होऊन बसते आणि मधल्या कॉफीला तिची चव लागतच नाही. मसाला आटत आलेल्या गरातच घालावा, त्यात प्रत्येक कपामागे दोन लहान चमचे साखर आणि थोडे पाणी मिसळून दोन-तीन मिनिटे शिजवावे आणि हा दाट पाक गाळणीतून दाबून काढावा. या कॉफीतले खरे काम एवढेच आहे. दालचिनी चार भाग, सुंठ दोन भाग, जायफळ एक भाग आणि लवंग अर्धा भाग हे प्रमाण बरे पडते. एका कपाला या मिश्रणाचा पाव लहान चमचा लागतो. परदेशी कृतींत दिलेला ऑलस्पाइस हा मसाला सहज मिळत नसेल, तर त्याच्यासाठी अडून बसू नये. त्याचा आणि लवंगेचा वास ज्या युजेनॉल नावाच्या घटकामुळे येतो, ते लवंगेत भरपूर असते. गरम मसाला मात्र कधीही वापरू नये, कारण त्यातले धणे-जिरे या पेयाला आमटीकडे नेतात. मराठी घरांत कॉफीत जायफळ घालण्याची रीत जुनी असल्याने हात सैल सुटतो, पण इथे सोबतीला लवंगही आहे आणि दोन्ही जास्त झाली की कडवटपणा येतो. तो साखरेने झाकला जात नाही; दूध वाढवून फार तर सौम्य करता येतो.

दूध फाटले, तर संशय आधी आल्यावर घ्यावा. ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते आणि कच्चा रस कोमट दुधात पडला की ते दूध फाडते. चहात आले आधी पाण्यात उकळले जाते, म्हणून तिथे सहसा ही अडचण येत नाही. इथे सुंठच वापरावी. दुसरा संशय गुळावर. गुळाने रंग आणि चव दोन्ही सुंदर येतात, मात्र गूळ घालून दूध उकळू नये. तो पाकातच विरघळवावा आणि दूध आचेवरून उतरवल्यावर, थोडे निवल्यावर पाकात थोडे थोडे ओतावे. कॉफी स्वतःही आम्लधर्मी असते, त्यामुळे सकाळपासून बाहेर राहिलेले दूध यासाठी घेऊ नये. एकदा फाटलेली कॉफी गाळून सुधारत नाही, ती टाकूनच द्यावी लागते.

कॉफी स्वतः कडक हवी, कारण भोपळा आणि दूध दोन्ही तिची धार बोथट करतात. फिल्टरचे दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, साठ मिलिलिटर आणि दूध दीडशे मिलिलिटर असा हिशेब ठेवावा. चिकोरी (कॉफीत मिसळली जाणारी एका मुळाची भाजलेली पूड) जास्त असलेल्या पुडीचे डिकॉक्शन काळेभोर दिसते, पण त्यात कॉफी कमी असते, हे विसरू नये. डिकॉक्शन पुन्हा उकळू नये. इन्स्टंट पूड असेल, तर दीड लहान चमचा पूड थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्यावी. एवढे करूनही चव सपाट वाटली, तर आणखी साखर घालण्याआधी चिमटीभर मीठ घालून पाहावे.

फेसासाठी दूध साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंतच तापवून रवीने घुसळावे. उकळलेल्या दुधाचा फेस टिकत नाही आणि सायीचे तुकडे कपात येतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात थंड कॉफी करायची असेल, तर पाक आधी गरम डिकॉक्शनमध्ये एकजीव करावा आणि मगच बर्फ व थंड दूध घालावे. थंड दुधात थेट घातलेल्या पाकाच्या गुठळ्या होतात.

पाक काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल, तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. मसाला न घातलेला गर उरल्यास त्याचे सरळ घारगे करावेत.