मधुमेहात दही घेताना डबा उलटा करून बघा

आमच्या आईला टाईप टू मधुमेह आहे, आणि दह्याशिवाय तिचं जेवण होत नाही. ते बंद करायची गरजही नाही. फक्त दुकानात डबा उलटा करून ‘ॲडेड शुगर’ची, म्हणजे वरून घातलेल्या साखरेची ओळ बघा, तिथं शून्यच हवं. साध्या दह्यात १०० ग्रॅममागं ४-५ ग्रॅम साखर दिसली तर दचकू नका, ती दुधातलीच, म्हणजे लॅक्टोज. आंबा-स्ट्रॉबेरीच्या कपात हाच आकडा १२-१५ पर्यंत जातो. ‘लो फॅट’ लिहिलंय म्हणून लगेच उचलू नका, तिथंही साखर वाचा. साधं ग्रीक योगर्ट चांगलं. प्रथिनं जास्त, पोट भरलेलं राहतं. श्रीखंड मात्र दह्यात धरूच नका, ते पक्वान्न.

माझं मत विचाराल तर घरचं दही सगळ्यात भारी. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं दूध आणलंत तर तापवून गार करा, वरची जाड साय काढा, मग कोमट दुधात विरजण लावा. छोटी वाटी पुरे, साधारण १०० ग्रॅम. मिसळीवर दही घालताना हिशेब पावाचा ठेवा. साखर चढते ती पावानं. शंका वाटली तर जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा, आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.