दवाखाना जॉइन करण्याआधी बेसिन बघून या

बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदवी, संपल्यावर पहिली नोकरी शोधताना आम्ही मैत्रिणी एकमेकींना काय विचारायचो? पगार किती, आरसीटी (रूट कॅनाल) करायला देतात का, रविवारी सुट्टी असते का. वापरलेली इन्स्ट्रुमेंट्स कुठे आणि कशी धुतात, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही. आज कुणी ज्युनिअर विचारायला आली, तर मी तिला आधी तेच बघायला सांगते. त्याचं कारण एक शनिवारची रात्र आहे.

जिल्ह्याच्या गावातला, चांगला चालणारा दातांचा दवाखाना. शेवटचा पेशंट खालच्या अक्कलदाढेचा. ब्लॉक, म्हणजे जबडा बधिर करायचं इंजेक्शन, मी दिला, मध्ये परत थोडी भूल लागली म्हणून पुन्हा दिली, दाढ निघाली, टाके घातले. नऊ वाजून गेले होते. मी ग्लोव्हज काढून केसपेपर लिहायला बसले आणि आमच्या असिस्टंट ताईंनी नेहमीसारखा ट्रे उचलून बेसिनवर नेला. रक्ताने भिजलेल्या गॉजखाली माझी सिरिंज होती, बिनटोपणाची. ताई ओरडल्याही नाहीत. नुसतं "अगं बाई" म्हणाल्या आणि बोट धरून उभ्या राहिल्या. पातळ लॅटेक्स ग्लोव्हच्या आत रक्ताचा थेंब पसरत चाललेला मला दिसला.

ती सुई माझी होती, हे आधी सांगून टाकते.

दवाखान्याचे मालक, आमचे सर, म्हणाले, "स्पिरिट लाव, काही होत नाही." ताई बोट पिळून रक्त काढत होत्या. दोन्ही चूक. अशा वेळी ग्लोव्ह काढून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, बस्स. पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट किंवा बीटाडीन ओतायचं नाही. मग घड्याळ बघायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं, म्हणजे पीईपी, होता होईल तो दोन तासांत सुरू व्हायला हवी. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, पण औषध रात्री साडेनऊला कुठे मिळतं ते माहीत नव्हतं. इंटर्नशिपच्या मित्राला फोन केला तेव्हा कळलं, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत. माझ्या स्कूटरवर मागे ताई, बोट वर धरून बसलेल्या.

तिथल्या डॉक्टरांनी सुई पोकळ होती का, किती खोल गेली, रक्त दिसत होतं का, पेशंट कोण, असं सगळं नीट विचारून पहिला डोस दिला. ताईंचं रक्तही तेव्हाच घेतलं, म्हणजे आज त्यांना काही नव्हतं याची नोंद राहते. मग त्यांनी विचारलं, "हिपॅटायटिस बीची लस झालीय का?" ताई माझ्याकडे बघायला लागल्या. नऊ वर्षं त्या दवाखान्यात होत्या. कुणी त्यांना या काविळीच्या विषाणूवरची लस दिली नव्हती.

रविवारी सकाळी मी पेशंटला फोन केला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही, म्हणून झालं ते सरळ सांगितलं. बिचारा गालावर सूज घेऊन आला. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस सी निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ताईंची पीईपी थांबवली आणि त्याच दिवशी एका दंडात इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन), दुसऱ्यात लसीचा पहिला डोस दिला. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते स्वस्त नसतं. पैसे अर्धे सरांनी दिले, अर्धे मी. त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पुढचे सहा महिने तपासण्या चालल्या. त्या काळात ताईंनी घरी आपला टूथब्रश फडताळाच्या वरच्या फळीवर वेगळा ठेवला होता, हे मला खूप नंतर कळलं. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले.

आपल्याकडे सगळी भीती एचआयव्हीची. पेशंटने सांगितलं की दोन-दोन ग्लोव्हज चढतात, नाहीतर त्याला सरळ वाटेला लावतात (या भेदभावाला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे, ते वेगळंच). पण बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान आठवडाभर टिकतो. आणि सांगणाऱ्या पेशंटपेक्षा न सांगणारे, किंवा आमच्या त्या पेशंटसारखे स्वतःलाच माहीत नसलेले, जास्त. म्हणून काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची. हिपॅटायटिस सीला लस नाही, त्यामुळे तिथे न टोचणं एवढाच उपाय.

बीच्या लसीचे तीन डोस: शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. कॉलेजात आपण घेतो आणि विसरतो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तात लसीच्या अँटीबॉडी किती झाल्या ते, करून बघा, १० mIU/ml किंवा त्याहून जास्त हवा. काहींच्या अंगात लस धरतच नाही आणि टोचल्यावर ते कळून उपयोग नसतो. असिस्टंटची लस ही मालकाची मेहेरबानी नव्हे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच कर्मचाऱ्यांचं हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचं लसीकरण सांगितलेलं आहे. नवीन जागी मावशींशी गप्पा मारता मारता विचारा, "मावशी, तुमची कावीळची इंजेक्शनं झाली का?" उत्तरावरून दवाखाना कळतो.

आता बेसिनकडे या. तिथे जाड रबरी ग्लोव्हज लटकलेले दिसतात का? भांडी घासायला वापरतात तसले, कोपराकडे जाणारे. तपासणीचे पातळ ग्लोव्हज घालून फाइल्स आणि प्रोबसारखी टोकदार इन्स्ट्रुमेंट्स घासायची म्हणजे बोट पुढे करण्यासारखंच आहे. इन्स्ट्रुमेंट्स आधी भिजत घालतात की रक्त वाळल्यावर ब्रशने खरवडतात? अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर उत्तम, कारण हात जितका कमी लागेल तितकं बरं. नसेल तर लांब दांड्याचा ब्रश हवा आणि पाण्याखाली, एका वेळी एकच इन्स्ट्रुमेंट घासायचं. मूठभर एकदम नाही.

नीडल कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र) चेअरपासून हाताच्या अंतरावर हवा. स्टोअररूममध्ये असेल तर तो नसल्यात जमा, कारण तिथवर सुई हातात घेऊन कुणीतरी चालत जाणार. टोकदार वस्तूंचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा पाऊण भरला की बदलायचा. भुलीच्या औषधाची काचेची कार्ट्रिज निळ्या डब्यात.

कॉलेजात शिकवतात, टोपण परत लावू नका. पण आपल्या कामात त्याच पेशंटला पुन्हा भूल द्यावी लागते, मग सुई उघडी ठेवणार कुठे? त्यासाठी एका हाताची पद्धत अंगवळणी पाडा. टोपण ट्रेवर आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे, सुईने टोपण उचलायचं आणि ट्रेच्या कडेला टेकवून बसवायचं. घरी कोऱ्या सिरिंजवर पन्नास वेळा करा. पहिल्या दिवशी वेडपटासारखं वाटतं. सुई वाकवून टाळूत द्यायची सवय लागली असेल तर सोडा. हँडपीसमध्ये, म्हणजे दात कोरायच्या मशीनमध्ये, बर (कोरायचं टोक) तसाच ठेवून उठू नका, वाकून सक्शन घेताना मनगट ओरबाडतं. मला दोनदा ओरबाडलंय.

आणि ज्याने टोचलं त्यानेच सुई काढायची. ट्रे असिस्टंटकडे जाण्याआधी डॉक्टरने स्वतः सुई, ब्लेड, टाक्याची सुई, मॅट्रिक्स बँड (फिलिंगची धारदार धातूची पट्टी) उचलून डब्यात टाकायचे. दहा सेकंदांचं काम आहे. माझ्या दवाखान्यात भिंतीवर सिव्हिलच्या कॅज्युअल्टीचा नंबर आहे, इम्युनोग्लोब्युलिन ठेवणाऱ्या मेडिकलचा आहे, आणि केसपेपरवर पेशंटचा चालू मोबाइल नंबर घेतल्याशिवाय चेअर मिळत नाही.

त्या ताई आता माझ्याकडे असतात. ट्रेवर टोकदार काही राहिलं असेल तर त्या तो उचलत नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहतात. परवा गर्दीत माझाच ट्रे तसा राहिला होता. "मॅडम," त्या पेशंटसमोरच म्हणाल्या, "तुमचं काम राहिलंय."