गल्लीत दिव्यांचा खेळ मांडताय? या चुका टाळा

मागच्या गणपतीत बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिव्यांची भिंत उभी केली होती. समोर माणूस आला की ती उजळायची, एवढाच खेळ. पहिल्याच संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन एक आजी थबकल्या. भिंत उजळली, आजी हसल्या, नीट बघायला म्हणून उभ्या राहिल्या आणि भिंत विझली. "बघाय थांबलं की विझतंय काय की!" म्हणत त्या चालू लागल्या.

चूक आमची होती. आम्ही लावला होता पीआयआर सेन्सर, जिन्यातला दिवा आपोआप लावतो तो. त्याला माणूस दिसत नाही, हलणारी उष्णता तेवढी कळते. थांबलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. तुमचा खेळ थांबून बघायचा असेल तर स्थिर माणूसही ओळखणारा छोटा रडार सेन्सर घ्या. पीआयआरच वापरायचा तर त्यावरचा वेळेचा स्क्रू फिरवून दिवा मिनिटभर तरी टिकेल असं करा. शिवाय हा सेन्सर सहासात मीटरपर्यंत बघतो. आमच्या अरुंद गल्लीत पलीकडून जाणारी प्रत्येक स्कूटर आणि दोन कुत्री रात्रभर भिंत पेटवत होती. पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा भिंगावर टोपीसारखा बसवला, तेव्हा त्याची नजर सरळ झाली.

दुसरी तक्रार सगळीकडे ऐकू येते: एलईडी दिव्यांची पट्टी सुरुवातीला पांढरीशुभ्र, शेवटाला तांबूस. पट्टी खराब नसते. पाच व्होल्टच्या पिक्सेल पट्टीत, म्हणजे जिच्यातल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येतो तिच्यात, एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की जवळपास ६० मिलिअँपिअर ओढतो. मीटरला ६० दिवे धरले तर पाच मीटरच्या पट्टीत ३०० दिवे, म्हणजे १८ अँपिअर. पट्टीतल्या पातळ तांब्यातून जाता जाता व्होल्टेज गळतं. निळ्या-हिरव्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते दोघे मान टाकतात. उपाय सोपा आहे: दोन्ही टोकांना वीज द्या, पट्टी लांब असेल तर मध्येही द्या, आणि प्रोग्राममध्ये उजेड निम्म्यावर आणा. रात्री तेवढा पुरतो. दिव्यांना हुकूम देणारा कंट्रोलर आणि २३० व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा एसएमपीएस यांचा ग्राउंड, म्हणजे ऋण वायर, एकमेकांना जोडायला विसरलात तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. आम्ही याच एका वायरीपायी अख्खी रात्र घालवली.

बेळगावात गणपती आणि पाऊस बरोबरच येतात. पट्टीवर आयपी ६५, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा, लिहिलेलं बघून निश्चिंत होऊ नका. कापलेलं टोक सिलिकॉनने बुजवलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. एसएमपीएस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, तापून बंद पडतो. वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच, आणि २३० व्होल्टचं काम वायरमनकडूनच. खांबावर आकडा टाकायचा विचार असेल तर हा खेळ मांडूच नका.

आता सगळ्यात मोठी चूक. आमची भिंत एका वेळी एकाच माणसाला उत्तर द्यायची. परिणाम? रांग लागली, जो तो सेल्फी काढून पसार. शेजारी उभ्या माणसाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. २००१ मध्ये रॉटरडॅमच्या एका चौकात राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराने जमिनीवरच्या दिव्यांनी लोकांच्या दोन ते पंचवीस मीटरच्या सावल्या समोरच्या इमारतीवर पाडल्या होत्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या सावल्यांशी खेळू लागली. कसं खेळायचं हे सांगणारी पाटी तिथे लागत नव्हती.

आम्ही मात्र पाटी लावली होती. आपल्याकडे पाटी म्हटली की कुठली भाषा वर, कुठली खाली इथून सुरुवात, दिवे राहिले बाजूला. दुसऱ्या दिवशी ती काढली आणि भिंतीच्या दोन टोकांना हाताचे दोन पंजे रंगवले, त्यामागे पाच व्होल्टवरचे टच सेन्सर. दोन्ही पंजे एकाच वेळी दाबले तरच पूर्ण भिंत पेटणार. अंतर मुद्दाम एवढं ठेवलं, की एकट्याला पुरू नये.

एक पोरगा बराच वेळ हात ताणून बघत होता. मग त्याने समोर गाडा लावलेल्या शेंगावाल्याला हाक मारली, "काका, तिकडं हात ठेवा की जरा." काकांना कळेना. तेव्हा तो तेच कन्नडमध्ये म्हणाला, "स्वल्प कै इडरी!" काका पंच्याला हात पुसत आले.