मराठी बिघडलंय? आधी बाइट बघा

'साइटवर मराठी नीट दिसत नाही' ही तक्रार वेब डेव्हलपमेंटमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतेच. आल्या आल्या कोड उघडू नका, स्क्रीनशॉट मागवा. अर्धं निदान त्यातच होतं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए ओळीने दिसतोय, मध्येच जपानी येनचं चिन्हही? मग मजकूर बहुधा शाबूत आहे. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या आजच्या सर्रास पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. हेक्समध्ये (१६ पायाच्या अंकपद्धतीत) लिहिला तर पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाइट कुणी लॅटिन-१ (प्रत्येक अक्षराला एकच बाइट देणारं जुनं एन्कोडिंग) समजून वाचले की ई०चा तो ए होतो आणि ए५चा येन. सर्व्हर पानासोबत पाठवतो तो कंटेंट-टाइप हेडर तपासा. पानाच्या एचटीएमएलमधला मेटा टॅग कितीही बरोबर असला, तरी हेडरमध्ये वेगळं एन्कोडिंग असेल तर ब्राउझर हेडरचंच ऐकतो.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र माझ्या पोटात गोळा येतो. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये तो मजकूर ज्या कॉलममध्ये आहे त्यावर हेक्स फंक्शन चालवा; ते साठवलेले बाइट दाखवतं. 'मराठी' शब्दासाठी उत्तर ई०ए४एईने सुरू झालं, तर डेटा ठीक आहे, फक्त डेटाबेसशी जोडणाऱ्या कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (म्हणजे एन्कोडिंग) चुकलाय. पीएचपीत सेट-कॅरसेटची एक ओळ घातली की काम झालं. ३एफ३एफ३एफ आलं, तर टेबलात खरोखरच प्रश्नचिन्हं साठलीत. मग कॉलमचं कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे आणि क्रमाचे नियम) कितीही बदला, मजकूर परत येणार नाही. बॅकअप शोधायला लागा. तिसरा प्रकार सी३ए०सी२ए४चा, म्हणजे एन्कोडिंग दोनदा झालंय. हे उलटं फिरवता येतं, पण टेबलाच्या कॉपीवरच. लाइव्ह डेटाबेसवर कुणी कितीही घाई केली तरी नाही.

मराठी चालतंय पण इमोजी टाकला की एरर येते, असं असेल तर कॉलम मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये आहे. त्यात एका चिन्हाला ३ बाइटच मिळतात आणि बहुतेक इमोजींना ४ लागतात. यूटीएफ८एमबी४ करा. (नाव असं फसवं का ठेवलं, देव जाणे.)

एका पतसंस्थेच्या साइटवर सभासदांची नावं व्यवस्थित होती, पण जुन्या अहवालांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. ते अहवाल डीटीपीवाल्याने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले. अशा मजकुरात मुळात देवनागरी नसतेच, फॉन्ट फक्त तसा आकार दाखवतो. तिथे कॅरेक्टर सेटशी झटापट करणं व्यर्थ; नेमका फॉन्ट कोणता ते विचारा, त्याचा कन्व्हर्टर वापरा, आणि जोडाक्षरं व रफार माणसाकडून तपासून घ्या.