सायकलच्या सीटमुळे जांघेत बधिरपणा: माझा अनुभव

तासाभरात जांघेत मुंग्या, बसायची हाडं (कुल्ल्यातली, ज्यांवर बसताना भार येतो ती) ठणकायची. जेल कव्हर घातलं तर त्रास वाढलाच: मऊ गादीत हाडं रुततात, मधला भाग फुगून नसा दाबतो. पार वैताग आला होता.

या हाडांमधलं अंतर मोजायला टणक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून, पुढे वाकून, टाचा उचलून मिनिटभर बसलो. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर भरलं ११८ मिमी. हाडांच्या बाहेरच्या कडांनाही आधार मिळावा म्हणून त्यात २५ मिमी मिळवून १४३ मिमी रुंदीची, मधे खाच असलेली सीट घेतली. जुनी १३० ची होती.

आधी उंची लावली: पेडल तळाशी, त्यावर टाच, गुडघा सरळ. मग स्पिरिट लेव्हलने सीट सपाट केली. पुढे थोडा दाब उरला, म्हणून टोक २ अंश खाली. फार झुकवू नका, अंग पुढे घसरून मनगटं दुखतात.