कस्टम डायलॉगचे गोल कोपरे आणि मागचा पांढरा चौकोन

अँड्रॉइडमधे डायलॉगफ्रॅगमेंटच्या (स्क्रीनवर वर उघडणारा छोटा डायलॉग बनवायचा क्लास) लेआउटला गोल कोपऱ्यांचं बॅकग्राउंड दिलं तरी मागे पांढरे टोकदार कोपरे दिसतच होते. कार्डव्ह्यू (गोल कोपऱ्यांचा तयार डबा) लावून बघितला, रूट लेआउट ट्रान्सपरंट केला, ढिम्म फरक नाही, डोकं पार आउट! तो पांढरा रंग लेआउटचा नसतोच, विंडोचा, म्हणजे लेआउटला धरणाऱ्या बाहेरच्या चौकटीचा असतो, अॅपच्या थीममधून येतो.

चाललं ते असं: ऑनस्टार्टमधे (डायलॉग दिसायला लागताना चालणारं फंक्शन) आधी सुपर, म्हणजे मूळ क्लासचं तेच फंक्शन, कॉल करा, मग डायलॉगच्या विंडोवर सेटबॅकग्राउंडड्रॉएबल, त्यात कलरड्रॉएबल (नुसत्या रंगाचं बॅकग्राउंड) ट्रान्सपरंट, आणि त्यानंतर लगेच सेटलेआउट, रुंदी मॅचपेरेंट (पूर्ण रुंदी), उंची रॅपकंटेंट (मजकुराइतकी). आता डायलॉग स्क्रीनच्या कडांना चिकटेल, कारण बाजूची मोकळी जागासुद्धा त्याच जुन्या बॅकग्राउंडमधे होती, म्हणून ट्रान्सपरंट कलर इनसेटड्रॉएबलमधे (कडेने मोकळी जागा, म्हणजे इनसेट, सोडणारं बॅकग्राउंड) गुंडाळून द्या, इनसेट पिक्सेलमधे असतो तेव्हा डीपीवरून (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारं माप) पिक्सेलमधे बदलून घ्या.