झेंडूची रोपे उगवून आडवी पडत होती : माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रोडवरील आमच्या बाल्कनीत जुलैमध्ये पेरलेले झेंडूचे बी चार-पाच दिवसांत उगवत असे, परंतु आठवड्याभरात देठ मातीलगत तपकिरी व दोऱ्यासारखे बारीक होऊन रोपे आडवी पडत. बी बदलले, शेणखत वाढवले, कडुलिंबाचे तेल फवारले. तीन पेरण्या वाया गेल्यावर हा नादच सोडावा असे वाटले. दोष बियांचा नव्हता. सतत ओल्या मातीत फोफावणाऱ्या पिथियमसारख्या (मातीतील बुरशीसदृश जीव) रोगकारकांमुळे ही रोपे कोलमडत होती.

चौथ्या वेळी जुनी माती टाकून दिली, ट्रे साबणाने व गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवला आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून, घट्ट पिळून, त्यात एक तृतीयांश परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) मिसळले. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरून ट्रेवर प्लास्टिक झाकले, मात्र पहिला कोंब दिसताच ते काढले; पूर्वी मी ते आठवडाभर तसेच ठेवत असे, आणि खरी चूक बहुधा तीच. त्याच दिवशी ट्रे सकाळच्या उन्हाच्या ग्रिलमध्ये, पावसाचे थेंब पोहोचणार नाहीत अशा जागी हलवला. वरून पाणी देणे पूर्ण थांबवले. पृष्ठभाग कोरडा दिसल्यावरच ट्रे पंधरा मिनिटे पाण्याच्या परातीत ठेवला व उरलेले पाणी ओतून दिले. दाट उगवलेल्यांपैकी जास्तीची रोपे उपटली नाहीत, कात्रीने कापली. २४ पैकी २१ रोपांना खरी पाने (सुरुवातीच्या बीजपानांनंतर येणारी) फुटली आहेत.